बुलढाण्याची दोन दिवसांची सफर: आधी 'घाटावर' की 'घाटाखाली' ते ठरवा

पाऊस सुरू झाला की मोबाइलवर हिरव्या घाटांचे रील्स फिरायला लागतात. त्यात हमखास एक रील लोणारचं असतं. वरून काढलेलं गोल विवर, मध्ये गुलाबी पाणी आणि खाली ओळ, 'एका दिवसात बुलढाणा: ८ ठिकाणं'. रील सेव्ह होतं, मित्रांच्या ग्रुपवर जातं आणि शनिवारी पहाटे गाडी निघते.

पुढं काय होतं, तेही ठरलेलं आहे. भर दुपारी लोणारला पोहोचल्यावर उन्हात विवरात उतरायची हिंमत होत नाही. पाणी गुलाबी नसतं. शेगावचं दर्शन 'जाता जाता' करायचं म्हणून गाडी पळवली जाते, मध्ये घाट लागतो आणि अंधारही पडतो. रविवारी रात्री दमलेला माणूस सरळसोट महामार्गावर स्टेअरिंग धरून बसतो, आणि तिथं सहल नुसती दगदगीची न राहता धोक्याची होते.

बुलढाणा जिल्हा छोट्या सफरीसाठी चांगला आहे, यात शंका नाही. डोंगरावर वसलेलं शहर, उल्कापातानं तयार झालेलं सरोवर, राजमाता जिजाऊंचं जन्मगाव, जंगलातून जाणारा घाटरस्ता आणि शेगावसारखं तीर्थक्षेत्र असं सगळं एकाच जिल्ह्यात आहे. पण ते एका रांगेत नाही. जिल्ह्याचे सरळ दोन भाग पडतात आणि मध्ये घाट आहे. सफर आखताना हा एक मुद्दा लक्षात घेतला, तर बाकीचं गणित सोपं होतं.

'घाटावर' आणि 'घाटाखाली' म्हणजे काय?

बुलढाणा जिल्ह्यात गाव कुठलं असं विचारलं, तर अनेकदा तालुक्याच्या आधी 'घाटावरचं' किंवा 'घाटाखालचं' असं उत्तर मिळतं. राजकारण, सोयरीक, शेतीतलं पीक, पाण्याची चव अशा सगळ्या गप्पांत हा फरक येतो.

हा घाट म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेची उत्तरेकडची कड. जिल्ह्यात एकूण १३ तालुके आहेत. बुलढाणा, चिखली, देऊळगावराजा, सिंदखेडराजा, मेहकर आणि लोणार हे घाटावरचे. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे घाटाखालचे. घाटाखालच्या सपाट भागातून पूर्णा नदी वाहते आणि तिच्या पलीकडे, जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुडा उभा राहतो.

बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे, तर खामगाव-शेगावचा भाग ३०० मीटरच्या आसपास. म्हणजे पन्नासेक किलोमीटरच्या प्रवासात साडेतीनशे मीटरचा उतार. उन्हाळ्यात घाटाखाली अंगाची लाही होत असताना बुलढाण्यात संध्याकाळी वारा सुटतो, तो यामुळेच. ब्रिटिशांनी जिल्ह्याचं मुख्यालय इथं ठेवलं, त्यामागं हवेचाही विचार होता. 'बुलढाणा' हे नाव 'भिल्ल ठाणा' या शब्दांवरून आलं, असं सांगितलं जातं.

ही डोंगररांग पाण्याचीही वाटणी करते. नळगंगा, ज्ञानगंगा या नद्या उत्तरेला उतरून पूर्णेला मिळतात, पूर्णा तापीला मिळते आणि ते पाणी अरबी समुद्रात जातं. बुलढाणा परिसरातच उगम पावणारी पैनगंगा मात्र पूर्वेकडं वळते, वर्धा आणि प्राणहिता नद्यांमार्गे गोदावरीत जाते आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे एकाच डोंगराच्या दोन बाजूंना पडलेला पाऊस देशाच्या दोन वेगळ्या समुद्रांत पोहोचतो.

नकाशा बघताना एक गोंधळ टाळायला हवा. जिल्ह्यात 'पूर्णा' नावाच्या दोन नद्या आहेत. घाटाखालची पूर्णा तापीची उपनदी, तर देऊळगावराजा-सिंदखेडराजा भागातून वाहणारी पूर्णा गोदावरीची. तिला इथं 'खडकपूर्णा' म्हणतात. तिच्यावरच्या धरणाच्या जलाशयाला 'संत चोखासागर' असं नाव आहे, कारण संत चोखामेळा यांचं जन्मगाव मानलं जाणारं मेहुणाराजा याच भागात आहे.

कधी जावं, कधी टाळावं?

बुलढाणा म्हणजे महाबळेश्वर नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं. अजिंठा रांगेतलं जंगल सागाचं आणि पानझडी आहे. एप्रिल-मे महिन्यांत ते करडं, उघडंबोडकं दिसतं. तेच जुलै ते सप्टेंबरमध्ये ओळखू येणार नाही इतकं हिरवं होतं.

हिरवाई हवी असेल तर ऑगस्टचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर हा काळ चांगला. भटकायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोयीचा. ऊन सोसतं, पहाटे गारवा असतो आणि स्थलांतर करून आलेले पक्षीही दिसतात. मुसळधार पावसाचा इशारा असलेल्या दिवशी मात्र घाटात जायचंच नाही. धुकं, निसरडा रस्ता आणि दरडीचे दगड एकदम वाट्याला येतात.

तारखाही बघाव्या लागतात. १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीनिमित्त सिंदखेडराजात राज्यभरातून लोक येतात. होळीच्या सुमारास बुलढाणा तालुक्यात सैलानीबाबांची मोठी यात्रा भरते, तेव्हा बुलढाणा-चिखली भागातल्या रस्त्यांवर वाहनांची रांग लागते. माघात गजानन महाराजांचा प्रकटदिन, रामनवमी आणि ऋषिपंचमीच्या पुण्यतिथीला शेगाव भरलेलं असतं. उत्सव बघायचा असेल तर हे दिवस उत्तमच. निवांत फिरायचं असेल तर ते सोडून बाकीचे आठवडे निवडावेत.

पहिला आराखडा: घाटावरचे दोन दिवस

छत्रपती संभाजीनगर, जालना, पुणे, नाशिक या बाजूनं येणाऱ्यांसाठी हा मार्ग सोयीचा आहे: सिंदखेडराजा – लोणार (मुक्काम) – मेहकर – चिखली – बुलढाणा – परत. सिंदखेडराजा ते बुलढाणा हा टप्पा दोन दिवसांत मिळून साधारण १५० किलोमीटरचा होतो. यात शेगाव नाही. ते मुद्दाम सोडलं आहे.

शनिवारी सकाळी सिंदखेडराजा. जालन्याहून हे गाव तासाभराच्या आत येतं. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजीराजे जाधवांचा राजवाडा इथं आहे. बहुतेक लोक राजवाड्याच्या दारात फोटो काढून पुढं निघतात. खरं तर या गावाला दोन-अडीच तास तरी द्यायला हवेत. लखुजीराजांची समाधी, काळा कोट, रंगमहाल, नीलकंठेश्वराचं मंदिर, मोती तलाव आणि शिल्पांनी सजलेली पुतळा बारव हे सगळं आसपासच आहे. मोती तलाव आणि बारव बघताना एक गोष्ट लक्षात येते. हे नुसतं सरदाराचं गाव नव्हतं. कमी पावसाच्या प्रदेशात पाणी कसं साठवायचं, याचा पक्का विचार इथं झालेला होता.

१६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात, निजामशहाच्या दरबारात लखुजीराजांची हत्या झाली. त्यांच्या समाधीच्या परिसरात २०२४ मध्ये पुरातत्त्व विभागाचं काम सुरू असताना शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती सापडली आणि गाव पुन्हा चर्चेत आलं.

शनिवारी दुपारनंतर लोणार. सिंदखेडराजाहून हे अंतर साधारण ५५ किलोमीटर आहे. वाटेत जेवण उरकून तीन-चारच्या सुमारास पोहोचायचं. ऊन उतरलेलं असतं आणि विवराच्या कडेवरून सरोवर बघायला हीच वेळ चांगली. मुक्काम लोणारलाच करावा. एमटीडीसीचं निवासस्थान आणि खासगी लॉज आहेत, पण शनिवारच्या खोल्या आधी ठरवून ठेवाव्या लागतात.

विवरात उतरायचं ते रविवारी सकाळी. उतरताना काही वाटत नाही, चढताना मात्र दम लागतो. त्यामुळं पाण्याची बाटली आणि चांगली पकड असलेले बूट हवेतच. एकट्यानं उतरू नये. शक्यतो स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा. झाडीतली जुनी मंदिरं त्याच्याशिवाय सापडतही नाहीत.

लोणारचं पाणी नेहमी गुलाबी का नसतं?

लोणारच्या बाबतीत सगळ्यात जास्त निराशा रंगावरून होते, म्हणून हे थोडं समजून घेऊ.

दख्खनच्या पठाराचा काळा बेसॉल्ट खडक लाव्हारस थंड होऊन बनला आहे. या खडकावर उल्का आदळून हे विवर तयार झालं. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. पुढं बराच काळ हे ज्वालामुखीचं तोंड असावं असंच समजलं जात होतं. १९७० च्या दशकात इथल्या खडकांत प्रचंड आघातानंच बनू शकणारी काच आढळली आणि उल्कापाताचा पुरावा पक्का झाला. विवराच्या वयाबद्दल मात्र एकमत नाही. एका पद्धतीनं ते सुमारे ५२ हजार वर्षं येतं, तर दुसऱ्या पद्धतीनं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं.

सरोवरात पावसाचं आणि झऱ्यांचं पाणी येतं, पण बाहेर जायला वाट नाही. पाणी फक्त वाफ होऊन जातं आणि क्षार मागं राहतात. म्हणून ते खारं आणि अतिशय अल्कधर्मी आहे. एरवी सरोवर हिरवट दिसतं, ते शेवाळ आणि सूक्ष्मजीवांमुळं.

जून २०२० मध्ये मात्र पाणी खरोखर गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे 'हॅलोआर्किया' प्रकारचे सूक्ष्मजीव त्यामागं असल्याचं आढळलं. पाणी आटून खारटपणा वाढला की हे जीव वाढतात आणि गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. पाऊस पडून पाणी पातळ झालं की रंग जातो. म्हणजे हिरव्यागार डोंगरांमध्ये गुलाबी सरोवर अशी जोडी पावसाळ्यात मिळणं अवघडच. अशा फोटोचा रंग मोबाइलमध्ये बदललेला असण्याचीच शक्यता जास्त.

याच वर्षी, नोव्हेंबर २०२० मध्ये, लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरनंतर हा मान मिळवणारं ते राज्यातलं दुसरं ठिकाण. सरोवर आणि भोवतालचं जंगल वन्यजीव अभयारण्यही आहे. त्यामुळं इथं पोहणं, कपडे-गाड्या धुणं, निर्माल्य टाकणं, दगड उचलून नेणं हे सगळं टाळायचं. कारणही साधं आहे. ज्या सरोवराला बाहेर जायची वाट नाही, त्यात टाकलेली गोष्ट तिथंच राहते. साबण असो, प्लास्टिक असो की सांडपाणी. सरोवराच्या संवर्धनाचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलेला आहे. पाण्याची पातळी वाढली की काठावरची पायवाट आणि तिथली मंदिरं पाण्यात जातात. म्हणून उतरण्याआधी वाट कुठवर खुली आहे, हे वन कर्मचाऱ्यांना विचारून घ्यावं.

वर गावात आल्यावर बारमाही वाहणारी 'धार' आणि दैत्यसूदनाचं मंदिर चुकवू नये. मंदिराच्या ताऱ्यासारख्या रचनेच्या भिंती शिल्पांनी भरलेल्या आहेत. विष्णूनं लवणासुराला मारलं ती जागा म्हणजे लोणार, अशी इथली आख्यायिका. मीठ या अर्थाचा 'लवण' शब्द गावाच्या नावातही आहे आणि सरोवराच्या पाण्यातही.

रविवारी दहानंतर

लोणारहून मेहकर सुमारे २५ किलोमीटर. पैनगंगेच्या काठच्या या गावात शारंगधर बालाजीचं मंदिर आहे. इथली काळ्या पाषाणातली भव्य मूर्ती १८८८ मध्ये खोदकामात सापडली. अर्ध्या तासात दर्शन होतं. तिथून चिखलीमार्गे बुलढाणा साधारण ७० किलोमीटर. दुपारचं जेवण वाटेत भाकरी, ठेचा, पिठलं मिळेल अशा ढाब्यावर करता येतं. बुलढाण्यात थोडा वेळ थांबून डोंगरकडेवरून खालचं खोरं बघावं आणि चारच्या आत परतीला लागावं. छत्रपती संभाजीनगरहून निघून परत पोहोचेपर्यंत एकूण प्रवास ३५० ते ४०० किलोमीटर होतो. १५ किलोमीटरचं ॲव्हरेज देणाऱ्या गाडीला २३ ते २७ लिटर इंधन लागेल.

दुसरा आराखडा: घाटाखालून घाटावर

मुंबई, जळगाव, भुसावळ, अकोला, नागपूर या बाजूनं येणाऱ्यांसाठी मार्ग वेगळा आहे: शेगाव – खामगाव – बोथा घाट – बुलढाणा (मुक्काम) – राजूर घाट – मलकापूर. शेगाव, नांदुरा आणि मलकापूर ही तिन्ही स्थानकं मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर आहेत. बुलढाणा शहरात मात्र रेल्वे नाही. जिल्ह्याचं ठिकाण असूनही. त्यामुळं रेल्वेनं शेगावला उतरून तिथून भाड्याची गाडी करायची आणि मलकापूरला सोडून परतीची रेल्वे पकडायची, हा पर्याय मुंबईकरांसाठी सगळ्यात कमी दमवणारा आहे. रात्रभर गाडी चालवायची वेळच येत नाही.

शनिवारी पहाटे शेगाव. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज शेगावात प्रथम दिसले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी समाधी घेतली. मंदिर परिसरातली शिस्त आणि स्वच्छता हा अनेकांच्या कौतुकाचा विषय आहे. सुट्टीच्या दिवशी दर्शनाची रांग किती असेल ते सांगता येत नाही, म्हणून सकाळी लवकर गेलेलं बरं. दर्शनानंतर तळलेल्या हिरव्या मिरचीबरोबर शेगावची कचोरी.

तिथून खामगाव अर्ध्या तासावर. कापसाची जुनी बाजारपेठ आणि चांदीचा व्यवसाय ही या गावाची ओळख. 'शुद्ध चांदी खामगावची' असं विदर्भात सहज बोललं जातं. चांदी घ्यायची नसली तरी बाजारात एक चक्कर मारता येते.

दुपारी जेवण करून बोथा मार्गानं बुलढाण्याकडं निघायचं. हे अंतर ५० किलोमीटरच्या आसपास आहे आणि संपूर्ण सफरीतला हा सगळ्यात देखणा टप्पा. रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून वर चढतो. १९९७ मध्ये घोषित झालेलं हे अभयारण्य सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं आहे. बिबट्या, अस्वल, नीलगाय, चिंकारा असे प्राणी इथं आहेत.

या जंगलाचं नाव देशभर झालं ते एका वाघामुळं. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या टी१सी१ या तरुण वाघाच्या गळ्यात संशोधकांनी रेडिओ कॉलर बांधली होती. जून २०१९ मध्ये तो टिपेश्वरमधून निघाला. तेलंगणाच्या हद्दीत जाऊन, शेतं, कालवे, रस्ते ओलांडत डिसेंबर २०१९ मध्ये तो ज्ञानगंगेत पोहोचला. तोवर त्याची सुमारे १,३०० किलोमीटरची चाल झाली होती. नवा प्रदेश आणि जोडीदार यांच्या शोधात वाघ किती लांब जातो, आणि त्यासाठी दोन जंगलांना जोडणारी वाट किती गरजेची असते, हे त्यातून साऱ्यांना दिसलं.

म्हणूनच या रस्त्यावर वेग कमी ठेवायचा, हॉर्न जपून वाजवायचा आणि माकडांना काहीही खायला टाकायचं नाही. खायला मिळतं म्हणून माकडं रस्त्यावर येऊन बसतात आणि गाडीखाली येतात. हा टप्पा उजेड असतानाच पार करावा. संध्याकाळनंतर रस्ता प्राण्यांचा असतो.

मुक्काम बुलढाण्यात. रविवारी सकाळी गिरड्याला जाता येतं. अजिंठ्याच्या डोंगरातल्या या ठिकाणी स्वयंभू महादेवाचं मंदिर आणि पाण्याचे झरे आहेत. पावसाळ्यानंतर परिसर फार सुंदर दिसतो. दुपारी राजूर घाटातून मोताळामार्गे मलकापूरला उतरायचं. बुलढाणा ते मलकापूर सुमारे ४५ किलोमीटर. रेल्वेला वेळ असेल, तर महामार्गावर नांदुऱ्याला १०५ फूट उंचीची हनुमानाची मूर्ती बघून येता येतं.

या आराखड्यात लोणार नाही. ते बसवायचंच असेल, तर बुलढाण्याचा मुक्काम रद्द करून खामगावहून मेहकरमार्गे थेट लोणार गाठावं आणि दोन घाटांचा मोह सोडावा. दोन्ही एकत्र करायला तिसरा दिवस लागतो.

रस्ता किती चांगला आहे, यापेक्षा चालक किती ताजा आहे

समृद्धी महामार्गामुळं घाटावरचा भाग एकदम जवळ आला. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता बुलढाणा जिल्ह्यातून जातो आणि मेहकर, सिंदखेडराजा इथं उतरता येतं. दुचाकी आणि रिक्षांना मात्र या महामार्गावर परवानगी नाही. बाइकवरून येणाऱ्यांनी जुनाच रस्ता धरायचा.

याच रस्त्यावर, सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथं १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस दुभाजकाला धडकून उलटली आणि पेटली. २५ प्रवाशांचा मृत्यू झाला.

त्या काळात 'महामार्ग संमोहन' हा शब्द बराच चर्चेत आला. रस्ता सरळ, एकसारखा, वळण नाही, गाव नाही, सिग्नल नाही. अशा वेळी मेंदूला नवं काही मिळत नाही. डोळे उघडे असतात, हात स्टेअरिंगवर असतात, पण लक्ष सुटलेलं असतं. गेली दहा मिनिटं कशी गेली हे आठवत नसेल, तर ती धोक्याची खूण समजावी. चहा पिऊन किंवा गाणी मोठ्यानं लावून हे जात नाही. दर दीड-दोन तासांनी अधिकृत थांब्यावर उतरून चालणं आणि चालक बदलणं हाच उपाय. गाडी महामार्गाच्या कडेला उभी करून झोपणं तर त्याहून घातक.

टायरचंही असंच. सिमेंटच्या रस्त्यावर उन्हात, जास्त वेगानं सलग चाललेलं टायर तापतं आणि आतली हवा फुगते. झिजलेलं किंवा जुनं टायर अशा वेळी फुटू शकतं. निघण्याआधी टायर थंड असताना हवा तपासून घ्यावी. स्टेपनीही बघावी.

घाटाचे नियम वेगळे आहेत. उतरताना गाडी न्यूट्रल करून इंधन वाचवायचा मोह नको. ज्या गिअरमध्ये घाट चढता येतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं. सतत ब्रेक दाबत उतरलं, तर ब्रेक तापून त्यांची पकड कमी होते. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. आणि वळणावर गाडी थांबवून सेल्फी अजिबात नाही. मागून येणाऱ्या ट्रकला तुमची गाडी वळण संपेपर्यंत दिसत नाही.

निघण्याआधी एवढं बघा

– नकाशाचं ॲप दाखवतं त्या वेळेत प्रत्येक टप्प्याला पाव भाग वाढवा. दीड तास दाखवत असेल तर जवळपास दोन तास धरा. ॲप कधीकधी जवळचा म्हणून शेतातला कच्चा रस्ता दाखवतं. अशा वेळी मोठा रस्ता सोडू नका.

– जंगलात आणि घाटात रेंज जाते. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा आणि घरी मार्ग सांगून ठेवा.

– पिण्याचं पाणी सोबत घ्या. घाटाखालचा पूर्णाकाठचा बराच भाग 'खारपाणपट्टा' म्हणून ओळखला जातो. तिथं जमिनीखालचं पाणी खारं आहे.

– अजिंठा लेणी जोडायचा विचार असेल, तर ती सोमवारी बंद असतात. लाँग वीकेंडला हीच चूक सर्रास होते.

– अडचणीत ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

थोडक्यात

दोन दिवसांत बुलढाण्यात एकच घाट चढा किंवा एकच उतरा, फार तर एक चढून दुसरा उतरा. एका दिवसात दोन मोठी ठिकाणं पुरेत. लोणार सकाळी किंवा संध्याकाळी, जंगलाचा रस्ता उजेडात आणि परतीचा प्रवास चारच्या आत. राहिलेली ठिकाणं कुठं जात नाहीत. सातपुड्याच्या पायथ्याचं जळगाव जामोद, अक्षय तृतीयेची भेंडवळची घटमांडणी आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग असलेलं अंबाबरवा अभयारण्य यांच्यासाठी तर वेगळा शनिवार-रविवार काढावा लागेल.